मच्छरदाणीतलं डांगर

"मग मी घर सोडून तिकडेच राहायला येऊ का?" अमोसने विचारलं.

बाबा अंगणात बाजेवर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तिकडे म्हणजे कुठे?"

"चर्चच्या मागच्या खोलीत. रिकामीच आहे. किल्ली तुमच्याकडे आहे."

"आणि घरी कोण?"

"सगुणा आहे. बापू आहेत."

"भांडण झालं का त्यांच्याशी?"

"छे, भांडण कसलं! चांगली माणसं आहेत हो. तीच तर अडचण आहे."

बाबांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

हे बाबा म्हणजे रेव्हरंड दौलत वाघचौरे. पाळक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मंडळीतल्या कोणालाही ते अजून पटलेलं नव्हतं. नवे पाळकसाहेब लग्नं लावत, बाप्तिस्मे देत, आणि काही अडलं की स्वतःच येऊन बाबांच्या बाजेवर बसत.

अमोस ठोंबरे हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. बाबांच्या वचनाच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गात तो सगळ्यांच्या पुढे होता. कुठलाही अध्याय विचारा, घडाघडा म्हणून दाखवी. तो प्रार्थना करू लागला की म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. आणि आमेन झालं की अमोस हळूच डोळे उघडून ते पदर बघून घेई.

तसा माणूस मनापासून चांगला. इतका चांगला, की बायको सगुणा आणि वडील बापू, दोघंही अलीकडे दमले होते.

"रोज पहाटे उठतो, बाबा," तो सांगू लागला. "दार लावतो. गुडघे टेकतो. आणि लगेच सुरू होतं."

"काय सुरू होतं?"

"बापूंचा खोकला. बरोबर माझ्या दाराबाहेर. एवढं घर पडलंय, पण खोकायला त्यांना माझंच दार सापडतं. मग सगुणाचा कुकर. मग शेजारच्या सिंधूताई, शिडी द्या म्हणून. शिडी परत आली की चाळण द्या म्हणून."

"देतोस ना?"

"देतो. पण लक्ष उडतं."

"मग काय केलंस?"

"कानात कापूस घातला. दाराला आतून गोधडी लावली. बाहेर पाटी लावली, प्रार्थना चालू आहे, दार वाजवू नये."

"उपयोग झाला?"

"सिंधूताई पाटी वाचतात आणि खिडकीतून हाक मारतात."

बाबांच्या मांडीवरच्या शेंगा हलायला लागल्या. त्यांनी हसू दाबायचा बराच प्रयत्न केला.

"हसू नका, बाबा." अमोसचा आवाज एकदम खाली आला. "मी कोरडा पडत चाललोय. पूर्वी प्रार्थनेला बसलो की भरून यायचं. आता काही येत नाही. शब्द येतात, पाढे म्हटल्यासारखे. प्रभूने दृष्टांतात सांगितलंच आहे ना, बी काटेरी झुडपांत पडलं तर ती झुडपं वाढून त्याचा जीव घेतात. आणि झुडपं म्हणजे संसाराच्या चिंता. माझं तेच झालंय. मला त्या काट्यांतून उठून जायचंय."

बाबांचे हात थांबले.

"खरं आहे," ते म्हणाले. "काट्यांबद्दल प्रभू उगाच नाही बोलला."

"म्हणजे किल्ली देता?"

"देतो की. आधी तुझं डांगर दाखव."

अमोसचा चेहरा पडला.

दर वर्षी पेरणीच्या दिवसांत बाबा वर्गातल्या प्रत्येकाच्या हातावर लाल भोपळ्याचं एक बी ठेवत. आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात. ते कुठे लावायचं, कसं वाढवायचं, बाबा काही सांगत नसत. हंगामाच्या सणाला ज्याने त्याने आपलं डांगर चर्चमध्ये आणायचं, वेदीपुढच्या पायरीवर ठेवायचं आणि देवाचे उपकार मानायचे. वर्गाचा हा नेम जुना होता. पायरीवर ठेवायला काही नसलं तर काय करायचं, हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं, कारण तशी वेळच कोणावर आली नव्हती.

"त्याचंही तुमच्याशी बोलायचं होतं," अमोस म्हणाला. "माझं बी खराब निघालं."

"वेल नाही आला?"

"वेल? परसभर पसरलाय! ताटाएवढी पानं. अख्ख्या गल्लीत असा वेल नाही, बाबा. फुलंही येतात. पण फळ धरत नाही. बोराएवढं डांगर दिसतं, पिवळं पडतं आणि गळून जातं. आणि त्या शिमोनचं बघा. बी उकिरड्यावर फेकलं आणि विसरून गेला. त्याची डांगरं छपरावर चढून बसलीत."

"शिमोनचा फार राग आलाय?"

"नाही हो... थोडासा."

बाबा उठले. पायांत चपला अडकवल्या, काठी घेतली.

"चल."

अमोसचं घर फार लांब नव्हतं. पण बाबांबरोबर चालायचं म्हणजे रस्ता लांबतोच. पिठाच्या गिरणीपाशी एकाने मुलीचं स्थळ सांगितलं. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. पुढे एका बाईंची शेळी दोन दिवस चारा खात नव्हती. बाबांनी शेळीचे कान चाचपले. कोपऱ्यावर सायकलवाल्याने नुसतंच थांबवलं, त्याला काही सांगायचंही नव्हतं.

अमोस घड्याळ बघत होता.

"बाबा, तुम्हाला लोक धड चालूसुद्धा देत नाहीत."

"नाही ना," बाबा म्हणाले, आणि समोरून येणाऱ्या चौथ्या माणसाला त्यांनी स्वतःहूनच सलाम केला.

दार सगुणाने उघडलं.

"सलाम, बाबा," ती पुटपुटली.

"सलाम, सूनबाई." बाबांनीही आवाज बारीक केला. "कोणी झोपलंय का?"

"नाही, बाबा. आता सवयच झालीय."

ही सगुणा लग्नाआधी चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहायची. तिचं गाणं मागच्या बाकापर्यंत पोचायला माईक लागत नसे. आता ती भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायला शिकली होती.

आत, पाटी लावलेल्या दाराजवळ, बापू खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेला होता आणि दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकला होता. काठीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"पाळकबाबा का? काठीवरनं वळखलं मी."

"सलाम, बापू. बरं आहे ना?"

"बरं म्हनायचं."

अमोस घाईने बाबांना परसात घेऊन गेला.

तिथे बाबा थांबले. बघतच राहिले.

परसाच्या चार कोपऱ्यांत चार बांबू रोवलेले होते. त्यांवर एक भलीमोठी पांढरी मच्छरदाणी ताणून बांधली होती. खालच्या कडा विटांनी दाबून त्यावर माती ओढली होती. आणि आत डांगराचा वेल हिरवागार पसरला होता, लग्नाच्या मांडवात बसवल्यासारखा.

"बघा," अमोस अभिमानाने म्हणाला. "फुलं यायच्या आधीपासून बांधलीय. पाणी नळीने बाहेरूनच मारतो. शेळी नाही, कोंबडी नाही, फळमाशी नाही. एक किडा आत गेलेला नाही."

"आणि आम्ही कधीपासून बिनमच्छरदाणीचे झोपतोय," मागून सगुणा म्हणाली. हे मात्र तिने पुटपुटत सांगितलं नाही. "घरात एकच होती, बाबा. डास आम्हाला फोडून खाताहेत आणि मच्छरदाणीत डांगर झोपलंय."

बाबांना हसू आवरेना. ते धुण्याच्या दगडावर बसले, काठीवर कपाळ टेकलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. सगुणाही हसली. अमोसला काय करावं कळेना. तोही थोडासा हसला, पण त्याला ते जमलं नाही.

हसणं ओसरलं, तशी गुणगुण ऐकू यायला लागली.

मच्छरदाणीवर बाहेरून मधमाश्या बसल्या होत्या. दोन काळे भुंगे जाळीवर डोकं आपटत होते, मागे जात होते, पुन्हा येत होते.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"किडेच आहेत. सकाळी फूल उमललं की येतात."

"रोज?"

"रोज. फार चिवट आहेत. पण मी काही दाद दिलेली नाही."

"आत त्यांचं काय काम?"

"फुलांवर बसायचं असतं त्यांना."

"आणि फुलांना काय हवं असतं?"

अमोस उत्तर द्यायला गेला आणि थांबला. तो गणिताचा मास्तर खरा, पण शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवलं जायचं आणि मधली भिंत पातळ होती.

"...परागीभवन," तो अगदी हळू म्हणाला.

"अरे वा," बाबा म्हणाले. "शब्द तर येतो तुला."

भुंगा पुन्हा जाळीवर आपटला.

"पण बाबा, राखण तर करायलाच हवी ना?" अमोसचा स्वर रडवेला झाला होता. "तसंच उघडं टाकायचं का? शिमोनसारखं उकिरड्यावर?"

"नाही, नाही. राखण हवीच."

बाबा उठले. त्यांनी काठी अमोसच्या हातात दिली, खाली वाकून एक वीट सरकवली आणि मच्छरदाणीची कड उचलली. हात खांद्यापर्यंत आत घातला. पानांखाली काहीतरी चाचपलं आणि जोर लावून ओढलं.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत हरळीचा झुबका होता, मुळांसकट.

पुन्हा हात आत गेला. या वेळी गाजरगवत आलं. मग काटेमाठ आला, चांगला दांडगा. त्याचे काटे बाबांच्या तळहाताला लागले. त्यांनी तो अमोसच्या पायांपाशी ठेवला.

"किडा आत गेला नाही म्हणतोस. मग हे कसं गेलं?"

"हे बाहेरून नाही आलं, बाबा. हे... मातीत आधीपासूनच असणार."

"दिसलं नाही तुला?"

"दिसलं होतं."

"मग उपटलं का नाहीस?"

"त्यासाठी जाळी उघडावी लागली असती."

...

हात झटकून बाबा पुन्हा दगडावर बसले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"पहाटे तू दार लावतोस. गोधडी, कापूस, सगळं झालं. डोळे मिटले. आता डोळ्यांपुढे काय येतं?"

"प्रभूचं—"

"ते वर्गात सांग. इथे खरं सांग. मी जन्मभर पाळक होतो, काय काय येतं ते मला ठाऊक आहे."

अमोस उभ्या उभ्या काठीने माती उकरत राहिला.

"बापूंच्या डोळ्याचं ऑपरेशन येतं," शेवटी तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आहे. उरलेला एकच डोळा. तो बिघडला तर..."

"आणखी?"

"हेडमास्तरांची जागा. मला मिळणार की सोनवणे सरांना."

"आणखी?"

अमोसने सगुणाकडे चोरटं पाहिलं.

"सणाच्या दिवशी उपकारस्तुतीची प्रार्थना माझ्याकडे आहे. ती लोकांना कशी वाटेल... तेही येतं."

"किती वेळ येतं?"

"सगळा वेळ तेच येतं, बाबा."

"हे घरी कोणाला सांगितलंस?"

"नाही. त्यांना उगाच काळजी."

"आणि प्रभूला?"

"त्याला?" अमोसला खरंच नवल वाटलं. "प्रार्थनेत असलं काही येऊ नये, म्हणून तर दार लावतो."

तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला.

भिंतीला हात लावत लावत बापू परसाच्या दारापर्यंत आले होते.

"माझ्या डोळ्याचं चाललंय व्हय?"

"बापू, तुम्ही कशाला उठलात? काही नाही, सगळं ठीक आहे," अमोस घाईघाईने म्हणाला.

"ठीक कुठलं? मला भ्या वाटतंय." बापू उंबऱ्यातच उभे राहिले. "पहाटंच जाग येती. समदं अंधारच दिसतं, डोळं उघडं ठेवलं तरी. वाटतं, पोरगं आत देवापाशी बसलंय, त्याच्या शेजारी जाऊन बसावं. म्हून दारात येतो. पर ही सगुणा म्हनती, पाटी लावलीय, हाक मारायची न्हाई."

"मग?"

"मग खोकतो."

अमोसच्या हातातली काठी खाली पडली.

"बापू... तो खोकला..."

"मला कुठला आलाय खोकला? तो उन्हाळ्यातच बरा झाला."

अमोस बापूंपाशी गेला, त्यांचा हात धरला आणि त्यांना आणून धुण्याच्या दगडावर बाबांच्या शेजारी बसवलं. मग न बोलता तो बांबूकडे वळला आणि मच्छरदाणीची गाठ सोडायला लागला. त्याने ती इतकी पक्की मारली होती की नखं दुखली तरी सुटेना. सगुणाने विळा आणून दोरीच कापली. दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. मच्छरदाणी खाली आली तशी तिने ती काखेत मारली.

"ही आज धुऊन वाळत घालते," ती म्हणाली. "आता कोणी मागितली तरी द्यायची नाही."

भुंगे क्षणभर घिरट्या घालत राहिले. मग एक भुंगा पिवळ्या फुलात उतरला. डोक्यापासून शेपटापर्यंत परागाने माखून बाहेर आला आणि दुसऱ्या फुलात शिरला.

अमोस वाकून गवत उपटू लागला. शर्टाच्या बाह्या मातीने भरल्या, काटेमाठ बोचला. पण त्याने हात थांबवला नाही.

"बापू," बाबा म्हणाले, "पोराशेजारी बसून देवाशी बोलायचं होतं ना? बोला. इथेच बोला."

"आत्ता? हितं?"

"हो."

बापूंनी टोपी काढली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अमोस मातीतच गुडघ्यांवर बसला.

बापूंना प्रार्थना सजवता येत नव्हती. त्यांनी प्रभूला आधी डोळ्याचं सांगितलं. मग डॉक्टरांच्या हाताचं सांगितलं, की तो थरथरू नये. मग अमोसच्या हेडमास्तरकीचं सांगितलं, आणि मिळाली नाही तर पोराने तोंड पाडून बसू नये हेही सांगितलं. मग सोनवणे सरांच्या घरी काय काय अडचणी आहेत ते सांगितलं. मग सगुणाने पुन्हा गावं, असं मागितलं. मग सिंधूताईंच्या गुडघ्याकडे आले.

नेमक्या त्याच वेळी कुंपणापलीकडून आवाज आला.

"अहो सगुणाबाई, जरा चाळण—"

सिंधूताईंनी माना खाली घातलेली माणसं पाहिली, आपल्या गुडघ्याचं नाव ऐकलं आणि गडबडीने पदर डोक्यावर घेऊन त्याही डोळे मिटून उभ्या राहिल्या.

अमोसला हे सगळं ऐकू येत होतं. कानात कापूस नव्हता.

बापू थांबले. आता त्याची पाळी होती. सगळे वाट पाहत होते. ज्याच्या प्रार्थनेने बायका पदर भिजवायच्या, त्या अमोसला आज एकही वाक्य सुचेना.

"प्रभू," तो म्हणाला. "मलाही भीती वाटते..."

खूप दिवसांनी त्याला भरून आलं होतं. त्याने डोळे पुसले, आणि पुसताना सगळी माती तोंडाला लागली.

"आमेन," बापू म्हणाले.

"आमेन," कुंपणापलीकडून सिंधूताई म्हणाल्या. "आता देता का चाळण?"

सगुणा चाळण आणायला आत गेली. जाता जाता ती गुणगुणत होती. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत ते गुणगुणणं राहिलं नव्हतं, चांगलं मोकळ्या गळ्याचं गीत झालं होतं. बापू दगडावर बसून मांडीवर ताल धरायला लागले.

बाबांनी काठी उचलली आणि जायला निघाले. अमोस दारापर्यंत त्यांच्या मागे गेला. चेहरा मातीने माखलेला होता, तरी आता तो माणसासारखा दिसत होता.

"बाबा," तो अडखळत म्हणाला, "पण एकांत तर लागतोच ना? प्रभू स्वतः डोंगरावर जायचा. लोकांना सोडून जायचा."

"जायचा. मीही जातो."

"मग ती खोली... मागू की नको मागू, तेच कळेनासं झालंय."

बाबांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि त्याच्या मातकट तळव्यावर ठेवली.

"चांगली खोली आहे. पहाटे वारा येतो, कोणाचा आवाज येत नाही. उद्यापासून ये."

अमोस किल्लीकडे बघत राहिला.

"खरंच येऊ?"

"ये ना," बाबा म्हणाले. "फक्त एकटा येऊ नकोस."